पोपटी गाडीचा कॉम्प्रेसर

प्रिय पान्या,

तुझा पत्ता रेडिएटरवाल्या काकांकडून मिळवला. आधी देईनातच. तुला विचारल्याशिवाय देणार नाही म्हणाले. मग मी त्यांच्या दुकानात बाकावर ठाण मांडून बसले, तेव्हा कुठे खरडून दिला. चौदा वर्षांनी ताईचं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच टाकून देशील, असंही वाटतंय. टाकलंस तर टाकलंस, माझी तक्रार नाही.

बाबा गेले. मागच्या गुरुवारी सकाळी, चहा घेता घेता. त्रास झाला नाही. उजवी बाजू दोन वर्षांपूर्वीच लुळी पडली होती, मीच भरवत असे. तुला तेव्हाच कळवायला हवं होतं, पण कोणत्या तोंडाने कळवणार होते, ते पुढे वाचलंस की समजेल.

जुन्या गाड्यांच्या एसीचे भाग ओळखायचं काम अजून माझ्याकडेच येतं. लोक खोक्यात काय काय घालून आणतात. मी काचभिंग लावून साच्याचे आकडे बघते, बोल्टची डोकी बघते आणि सांगते, हा भाग गाडीसोबतचा की मागाहून बसवलेला. परवा एकाने कंडेन्सर आणला, नवाकोरा, मिठाच्या पाण्यात बुडवून म्हातारा केलेला. गंज सगळीकडे सारखा, जसा काही इस्त्री करून लावलाय. तू असतास तर त्या माणसाची तासभर फिरकी घेतली असतीस. मी नुसतं खोकं बंद करून परत दिलं. हसायची सवय मोडली आहे इथे.

आता त्या पोपटी गाडीचं. तुला सगळं पाठ असणार, तरी मला एकदा नीट मांडू दे. वकीलसाहेबांची गाडी, एसी बंद, कॉम्प्रेसर तू स्वतःच्या हाताने उतरवलास. मी त्यावर ठोकलेली तारीख वाचली, तर ती गाडी कारखान्यातून निघाल्यानंतर पाच आठवड्यांची. बाबांचा नियम आपल्याला लहानपणापासून माहीत होता. गाडीवरचा भाग गाडीच्या आधी बनलेला असला पाहिजे, नंतरचा असेल तर तो बदललेला. त्यात त्याच आठवड्यात तू भंगारातून तसलाच एक कॉम्प्रेसर आणून दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला होतास. वकीलसाहेब भडकले, माझा अस्सल माल कुणी पळवला म्हणून. आणि मी चार लोकांत सांगितलं, हा या गाडीचा नाही. अस्सल तू विकलास आणि भंगारातला इथे लावलास, हाच अर्थ सगळ्यांनी घेतला. बाबांनी तुझ्याकडे गॅरेजच्या किल्ल्या मागितल्या. तू टेबलावर ठेवल्यास आणि गेलास, पान्यांची पेटीसुद्धा न घेता. शब्दाला शब्द दिला असतास तर बरं झालं असतं. पण नाकावर राग, तू कुठला स्वतःची बाजू मांडतोयस.

पान्या, तो कॉम्प्रेसर त्याच गाडीचा होता. त्या गाडीला कारखान्यात एसी बसवलाच नव्हता. पहिल्या मालकाने गाडी घेताना शोरूममध्ये बसवून घेतला, आणि शोरूमवाल्यांनी नुकताच आलेला कॉम्प्रेसर लावला. तारीख नंतरचीच असणार. बाबांचा नियम इंजिनाला चालतो, काचांना चालतो, त्या काळच्या एसीला चालत नाही. एसी कुणी बसवला, कारखान्याने की शोरूमने, हे आधी विचारायचं असतं. आज कुणी शिकायला आलं तर मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. त्या दिवशी मला ते सुचलं नाही. तू कशाला हात लावला नव्हतास.

बाबा तुझं नाव दुसऱ्या कुणापुढे काढत नसत, माझ्यापुढे मात्र काढत. म्हणायचे, चूक माणसाच्या हातून होते, लपवणं मला सोसत नाही. पोराने एकदा येऊन केलं म्हणून सांगितलं असतं, तर मी त्याच दिवशी विसरलो असतो. हे इतक्यांदा म्हणाले की मी घास पुढे करायची, म्हणजे ते गप्प बसत.

मला हे सगळं कधी कळलं, ते मी अजून लिहिलेलं नाही. तू गेल्यावर आठव्या दिवशी. डॅशबोर्डखालची एसीची पेटी मी उतरवली, तर तिच्या मागे शोरूमची चिठ्ठी चिकटवलेली. बसवल्याची तारीख, कॉम्प्रेसरचा नंबर, फिटरची सही. बाबा शेजारच्याच खोलीत होते. पण माझी नजर चुकत नाही असं वकीलसाहेब सगळीकडे सांगत सुटले होते, आणि ओळखायचं सगळं काम बाबांनी आदल्याच दिवशी माझ्यावर सोपवलं होतं. मी पात्याने चिठ्ठी खरवडली आणि गोंदाचे डाग रॉकेलने पुसले. गुरुवारी त्यांना सांगायचं ठरवून गेले होते, निदान कप रिकामा होऊ दे म्हणून थांबले. तो रिकामा झालाच नाही. चौदा वर्षं ते कबुलीची वाट बघत राहिले, आणि जिने ती द्यायची होती ती मी रोज त्यांच्यासमोर होते, शेवटची दोन वर्षं तर त्यांना भरवत होते. तुला ये म्हणायचं तोंड मला नाही. त्यांना सांगायचं राहिलं, म्हणून तुला सांगते. मी केलं.

म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
ताई