तारा पुन्हा उलट जोडण्याच्या परवानगीसाठी

प्रति,
मा. मुख्य अभियंता,
धातू-मुलामा कारखाना.

विषय : ट्रान्सफॉर्मर पुरवणाऱ्या बाईंना काळ्या यादीत न टाकण्याबाबत.
संदर्भ : आपली पाहणी, व त्याच दिवशी आपल्या घरी झालेले जेवण.

महोदय,

१. आपण माझे सासरे आहात ही बाब निर्णय होईपर्यंत बाजूला ठेवावी. मला ती तेव्हा ठेवता आली नाही, म्हणूनच हा अर्ज.

२. आपले दोन रेक्टिफायर मुलाम्यासाठी एसीची डीसी करताना वीज सरळ ओढत नाहीत, हिसके मारून घेतात. त्या हिसक्यांतून लाइनवर हार्मोनिक्स, म्हणजे मूळ लहरीत मिसळणाऱ्या जादा लहरी, पसरतात व शेजारच्या लॉन्ड्रीच्या मोटारी तापतात. म्हणून बाईंकडून प्रत्येक रेक्टिफायरला एक, असे दोन ट्रान्सफॉर्मर घेतले. एकाने विजेच्या लहरीची फेज पंधरा अंश पुढे न्यायची, दुसऱ्याने तेवढीच मागे. मग दोन्ही रेक्टिफायरचे मोठे हिसके एकमेकांतच जिरतात. त्यासाठी दुसऱ्याच्या तारा उलट जोडाव्या लागतात. तशा जोडल्या, आणि मोटारी गार झाल्या होत्या.

३. पाहणीत आपण म्हणालात, "जावईबापू, एक सुलट, एक उलट! स्वेटर विणताय का? सरळ करून घ्या की!" सगळे हसले. मीही हसलो, हे नमूद करताना मान वर होत नाही. सासऱ्यांना चारचौघांत कसे शिकवायचे, म्हणून "हो हो" म्हणालो आणि तारा सरळ केल्या. आता दोन्ही रेक्टिफायर अगदी जोडीने हिसके मारतात. जोडणी दिसते मात्र सुबक.

४. मोटारी पुन्हा तापल्यावर आपण "मालच भिकार" असा शेरा मारून काळ्या यादीचा प्रस्ताव माझ्याच सहीसाठी पाठवलात. काल बाई स्वतः आल्या. म्हणाल्या, "दादा, चुकलं असेल तर पदरचं घालून नवं करून देते. पण काय चुकलं ते तरी सांगा." मी त्यांना चहा पाजला. एवढेच जमले.

५. यादीत नाव गेले की बाईंना कुणी दारात उभे करणार नाही. तरी प्रस्ताव रद्द करावा, तारा पूर्ववत उलट जोडू द्याव्यात आणि दोष माझ्या नावावर लिहावा. आपला उल्लेख "पाहणीतील एक सूचना" एवढाच ठेवतो.

६. हे आपल्या कन्येला सांगितले. तिने विचारले, "बाबांशी बोललास, की अजून मानच डोलावतोयस?"

७. बाई उद्या पुन्हा येणार आहेत. काय चुकले ते मी त्यांना सांगणार आहे. आपण समोर असलात तर माझी जीभ पुन्हा अडखळेल; म्हणून आधीच लिहून दिले.

आपला नम्र व खजील,
सहायक अभियंता, रेक्टिफायर विभाग
(जावई म्हणून सही केलेली नाही.)
दिनांक : १२ मार्च

सोबत :
१) ट्रान्सफॉर्मर बसवण्यापूर्वीचा व पाहणीनंतरचा हार्मोनिक्सचा आलेख. दोन्ही सारखेच आहेत.
२) काळ्या यादीचा प्रस्ताव, सहीविना परत.