तपासणीच्या दिवशीची मुलं

४ मार्च, मंगळवार

उद्या लेकीबरोबर जायचं! मुख्याध्यापकांच्या संघटनेचं दोन दिवसांचं शिबिर आहे. लेक मुख्याध्यापिका, आणि यंदा संघटनेच्या अध्यक्षपदाला उभी. जावई म्हणाले, "सासूबाई, तुम्ही तिथे जाऊन काय करणार? घोराल." खुर्च्या मऊ असल्या तर घोरीनही. लेक म्हणाली, "येऊ दे हो, तिला आवडतं." आवडतंच. माझी शाळा चौथीत सुटली, घरात कामं होती. तेव्हापासून शाळेचं काहीही निघालं की मी आपली पुढे. निळी शाल काढून ठेवलीय. डांबरगोळीचा वास काही जात नाही.

५ मार्च, बुधवार

काय मजा आली म्हणून सांगू. गळ्यात बिल्ला घातला त्यांनी — बिल्ल्याशिवाय जेवण नाही म्हणे. आरशात बघितलं, अगदी मोठ्या बाई दिसत होते.

धोरण म्हणजे वरून आलेला हुकूम, असं मी आजवर धरून चालले होते. पण जाड चष्म्याच्या बाई आहेत, संघटनेच्या आत्ताच्या अध्यक्ष, त्या म्हणाल्या, "धोरण शेवटच्या बाकापर्यंत पोचलं तरच ते धोरण." मी टाळ्या वाजवल्या. एकटीनेच. लेकीने कोपर मारलं.

६ मार्च, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

आज गटागटाने चर्चा होती. बिल्ला बघून मलाही एका टेबलावर बसवलं. नको म्हणायला हवं होतं, पण मी कसली म्हणतेय. विचारलं, "शाळेला पुढे नेणारं एक उदाहरण सांगा." कुणी बाग सांगितली, कुणी वाचनालय. माझी पाळी आली. म्हटलं लेकीचं नाव होऊ दे, मतं मिळतील.

सांगून टाकलं. तपासणीला साहेब यायचे असले की लेक अभ्यासात कच्ची मुलं माझ्याकडे पाठवून देते. मी बटाटे उकडते, पत्ते मांडते, मुलं खूश. तिकडे साहेबही खूश, शाळेला वरचा शेरा. कशी युक्ती आहे की नाही, असंही वर विचारलं मी.

टेबलावरच्या सगळ्यांच्या माना खाली गेल्या. शेजारच्या टेबलावर लेक होती. तिने पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. चष्म्याच्या बाई हळूच म्हणाल्या, "आजी, तपासणी शाळेची असते. ज्यांना लपवायची वेळ येते ती मुलं शाळेने शिकवलेली नसतात."

जमीन दुभंगावी असं झालं. बिल्ला काढून पिशवीत टाकला. जेवले नाही.

७ मार्च, शुक्रवार

लेक बोलत नाही. बोलली असती, ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मीच म्हटलं, "माझ्या जिभेला हाड नाही गं." तर म्हणाली, "तू खोटं कुठे बोललीस, आई? आणि टेबलावरच्या सगळ्यांच्या माना खाली का गेल्या, बघितलंस ना? सगळ्यांकडे कुणी ना कुणी आजी असते."

अध्यक्षपदाचा अर्ज मागे घेतला तिने. जावयांनी माझ्यासमोर चहा ठेवला आणि निघून गेले.

९ मार्च, रविवार

दोन दिवस मला वाटत होतं, लाज वाटते ती तोंड उघडलं त्याची. आज कळलं, त्याची नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानात मैना भेटली, आईबरोबर. माझ्याकडे येणाऱ्या मुलांतलीच ही. कधी चकार शब्द बोलत नाही, म्हणून मीच गमतीने मैना म्हणते. आज बोलली. "आजी, साहेब परत कधी येणार?"

म्हटलं, "का गं, बटाटे आठवले?"

"नाही. मी आधीच पोट दुखतं म्हणून घरी राहीन. मग बाईंना मला तुमच्याकडे जा म्हणून सांगावं लागणार नाही."

तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असणार. आणि मी पत्त्यांत मुद्दाम हरत बसले होते, मुलं खूश आहेत म्हणून!

घरी येऊन लेकीला शब्दन् शब्द सांगितला. ती कितीतरी वेळ भांडी पुसत राहिली, कोरडी झालेलीसुद्धा.

१२ मार्च, बुधवार

आज तपासणी. माझ्याकडे कुणी आलं नाही. बटाटे टोपलीतच.

मैना पहिल्या बाकावर होती म्हणे. साहेबांनी विचारलं, तिला आलं नाही. लेक साहेबांना म्हणाली, "अजून शिकवतेय मी तिला." शेरा खालचा मिळाला.

१३ मार्च, गुरुवार

सकाळी चहा घेताना लेकीने विचारलं, "आई, तू शाळा नक्की का सोडलीस गं?" घरात कामं होती, असं तोंडावर आलं होतं. पण खरं सांगितलं. गुरुजी म्हणाले होते, उद्या साहेब येणार आहेत, तू येऊ नकोस. एका दिवसापुरतंच म्हणाले होते ते. मी पुन्हा गेलेच नाही.