चंदनाचा हात

बदलापूर, गुरुवार, २००७. उरुसाची संध्याकाळ.

हाताचा चंदनाचा वास जात नाही. मी तरी नीट धुतलाय कुठे?

दर उरुसाला शिरगावच्या पाटीलकाकी चंदन उगाळून ताट आणतात आणि आमच्या घरातलं माणूस ते दर्ग्यात नेतं. आधी सासू न्यायची, आता मी. आज इम्रानने, माझ्या पोटच्या मुलाने, काकींना दारातच अडवलं. म्हणे, "कबरीला चंदन लावणं गुनाह आहे."

काकी शांतपणे म्हणाल्या, "पोरा, लहानपणी तुला ताप भरलेला तवा हेच चंदन तुझ्या कपाली लावलेलं. तवा मी परकी नव्हती."

मी ताट उचललं आणि दर्ग्यात गेले.

परतले तर नमाजच्या चटईवर बसून रडत होता. "अम्मी, तुम जहन्नुम में जाओगी." रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते. पण तो माझ्यासाठीच दुआ मागत होता! एवढं भय कुणी भरलं त्याच्यात? आमच्या बाबांच्या दर्ग्यात कधी कुणी कुणाला घाबरवलं नाही.

त्याच्या कपाळावर हात ठेवला. तोच, चंदनाचा. त्याने झटकला नाही. नुसता थरथरत राहिला, त्या तापात थरथरायचा तसा.