आधी कोण बोलणार

राहाता, १० नोव्हेंबर २०२५

ती. सौ. ज्ञानेश्वरीताईस,
अश्विनीचा शि. सा. न. वि. वि.

तू विचारलंस, फोन का करत नाहीस. ताई, या घरात माझा आवाज सासूबाईंच्या कानावर पडू द्यायचा नाही, म्हणून पत्र. अबोल्याला दोन वर्षं होत आली. ओमच्या वेळी बाळंत झाल्यावर मला दिवसदिवस रडू यायचं, घास उतरायचा नाही. तेव्हा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायांसमोर त्या म्हणाल्या, सून वेडी झालीय, पोर तिच्याजवळ ठेवायचं भ्या वाटतं. आणि मांडीवरून लेकरू उचलून नेलं. तेव्हाच ठरवलं, त्याच बायांसमोर शब्द मागे घेतील तेव्हाच माझं तोंड उघडेल.

आता बघ कशी जिरलीय. हे कारखान्याच्या नोकरीमुळे श्रीगोंद्याला, पंधरवड्यानं येतात. घरात आम्ही दोघी आणि ओम. ओमला मी त्यांच्या हाती देतच नाही. म्हातारी दारात बसून शेळीशी बोलते, आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटतात. ओमलाही मी खुणेनंच जेवायला बोलावते, नाहीतर त्यांना वाटायचं, नरमली. पोरगं गुणी आहे. दोन वर्षं पुरी झाली, पण बडबड नाही की हट्ट नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी अश्विनी

तिसगाव, १९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अश्विनीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

शाब्बास! नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे आपल्या आईला कधी कळलंच नाही. जन्मभर ऐकून घेतलं बिचारीनं. तू घेऊ नकोस. तुझ्या सासूला, त्या बनुबाईला म्हणावं, बस शेळीशी गप्पा मारत.

ओम मामावर गेला म्हणायचा. आपला श्रीमंत तरी लहानपणी कुठं बोलायचा? पण आई तरी म्हणतो ना गं? माझी पंकजा त्या वयात डोकं उठवायची. इकडं तूर लई आलीय, शेंगा पाठवते.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी ताई

राहाता, २० डिसेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई म्हणत नाही, ताई. तुझं पत्र वाचलं आणि तेच डोक्यात बसलं. अंगणवाडीच्या बाईंनीही टोकलं, म्हणून हे आल्यावर आम्ही त्याला नगरला दवाखान्यात नेलं. सासूबाई हट्टानं गाडीत बसल्याच. कान तपासले, चांगले आहेत. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात याच्याशी कोण बोलतं? आम्ही सगळे गप्प. त्यांना वाटलं प्रश्न कळला नाही, म्हणून पुन्हा विचारला.

मग माझी चौकशी. झोप, भूक, रडू. म्हणाल्या, बाळंतपणानंतरचं ते दुखणं होतं, त्याला उपचार असतो, वेड नव्हे. आई सतत ताणात, घर धुमसतंय, तर लेकराचंही मन मिटतं. एवढ्यानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण आजपासून त्याच्याशी बोला. सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला तिथंच त्यांचा गळा धरावासा वाटला.

ओमला तहान लागली की पदर ओढतो, माठाकडे बोट करतो. त्याच्याकडे बघवत नाही.

आठवण ठेव.
अश्विनी

तिसगाव, २८ डिसेंबर २०२५

चि. अश्विनीस,
अ. आ.

तिच्या कानावर पडेल असं बोलू नकोस तिथं! ओमला घेऊन इकडं ये. इथं घरभर माणसं हायेत, महिन्यात पोपट करतो त्याला. म्हातारीला नातवाचं तोंड दाखवू नकोस, बसू दे रिकाम्या घरात कुजत. टेम्पो पाठवू का?

जिवाला जप.
ताई

राहाता, ८ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टेम्पो नको. गेले तर म्हणतील, बघा, वेडी पळाली. मी इथंच ओमशी बोलायला लागले. भाकरी थापताना, धुणं धुताना सगळं सांगते: हे पीठ, ही शेळी, ती दारातली आजी. घशाला कोरड पडते.

संक्रांतीला त्याच बाया आल्या. वाण देता देता डॉक्टरीणबाईंचं सगळं ऐकवलं. सासूबाईंकडे न बघता म्हणाले, आजारी बाईला वेडी ठरवणाऱ्यांनी आता तोंड लपवावं. बाया चपापल्या. सासूबाई उठून आत गेल्या. ताई, खोटं कशाला सांगू, तिळगुळापेक्षा गोड लागलं.

काल ओम दारात गेला आणि स्पष्ट म्हणाला, आज्जी. पहिला शब्द. घसा मी फोडला, आणि हाक त्यांना! जीव जळला माझा. त्यांनी ऐकलं, पण मान वळवली नाही. माझ्यावरचा राग पोरावर काढत होत्या. ओमनं पुन्हा हाक मारली, जरा हळू. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मग मी बोलले. "आत्याबाई, पोरगं हाक मारतंय. ओ द्या त्याला."

त्यांनी ओ दिली.

तू म्हणशील, हरलीस. म्हण. मी त्यांना माफ केलेलं नाही, जन्मात करणार नाही. ओम आज सकाळपासून आज्जी आज्जी करतोय. आई अशी हाक अजून एकदाही नाही. मी वाट बघतेय.

आहे तशी माया राहू दे.
तुझी अश्विनी