जन्मदांडी

रत्नागिरी, गुरुवार, संध्याकाळ

आज हिचा वाढदिवस, आणि मस्कतहून नंदूचा फोन नाही. गेल्या वर्षी पोरगा असाच विसरला, तेव्हा मी त्याला 'वाढदिवसबुडव्या' म्हटलं आणि ही पोट धरून हसली होती. म्हणून आज त्याला 'जन्मदांडी' हे नवं नाव काढलं. घावन उलटत म्हणाली, "नावं कसली ठेवताय त्याला? कामात असेल हो." हसली नाही. कशाला बोललो मी? फोन गॅसजवळच ठेवलाय, पिठाच्या हातानेच उघडून बघते. वर मला दम, "आठवण करून द्यायची नाही हां."

शेवटी नंदूला एवढंच लिहिलं: तुझं पित्त कसं आहे? सूनबाईची कंबर? छकुलीचा खोकला? आईचं मी लिहीत नाही, तिलाच विचार. दोन ओळी तरी आजच लिही.