दोनशे ऐंशीच्या आत

रवि., ११ जाने.

आज पेंटबॉल खेळताना अश्विनीला लागलं. माझ्याच बंदुकीतून, म्हणजे मार्करमधून. गोळी रंगाचीच, पण मास्क संपतो तिथे, गळ्याखाली बसली. चांगलं काळंनिळं झालंय. खेळ सुरू व्हायच्या आधी वेग मोजला तेव्हा २७०. लागल्यावर पुन्हा मोजला तर २९६, मग २६१, मग २८८. मैदानाचा नियम सेकंदाला २८० फूट, त्याच्यावर एक फूटही चालत नाही.

वैभवने बाजूला घेतलं. कॅप्टन तो, रान त्याच्या घरचं, जाळ्याही त्यानेच बांधलेल्या. म्हणाला, "नसीम, पुढच्या रविवारी दहा गोळ्या मोजू. सगळ्या ऐंशीच्या आत आन् जवळजवळ पायजेत. न्हाई जमलं तर तू बाहेर बसायचं." आवाज चढवला असता तर भांडता तरी आलं असतं. 'हो' म्हणून आले.

घरी येऊन दुकानातल्या खुंटीवर मार्कर टांगला, शिलाई मशीनच्या शेजारी. अब्बा पँटला दुमड घालत होते. वर बघितलंही नाही. पुण्याहून हा सेकंडहँड आणला तेव्हा 'खेळणं' एवढंच म्हणाले होते. त्यानंतर त्या विषयावर गप्प.

सोम., १२

डेअरीत दिवसभर दुधाचं फॅट काढत होते आणि डोक्यात हवेचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर. संध्याकाळी कटिंगच्या टेबलावर कापडं सारून मार्कर उघडला. कुठे चीर नाही, कचरा नाही. बोल्टवरचं ग्रीस फार पातळ झालेलं. ग्रीसची ट्यूबच हलकी निघाली असेल म्हणून त्या कंपनीला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. पुसलं, नवीन लावलं.

बुध., १४

अश्वि. तिळगूळ घेऊन आली. गळ्याला स्कार्फ. ऊन असून. गोड बोल म्हणाली आणि हसली. मला रडू आलं, ते तिला दिसू नये म्हणून मी चहात साखर कमी पडल्याचं बोलत बसले. रविवारी पुन्हा माझ्यासमोर उभी राहशील का, हे विचारायचं होतं. विचारलं नाही.

गुरु., १५

डेअरीमागच्या पडीक तुकड्यात पोत्यांची थप्पी लावली, वै.चा क्रोनो, वेग मोजायचं यंत्र, मागून आणलेला. दाब जरा खाली घेतला. मग ड्वेल एकेक टप्प्याने कमी. ड्वेल म्हणजे झडप किती वेळ उघडी राहायची ते. कमी केला की हवा वाचते, फार कमी केला की गोळी लंगडते. लंगडली तिथून दोन टप्पे वर आले.

मग २७५, २७४, २७६, २७५... बघतच राहिले. सिलेंडरमधल्या हवेचा काटाही फारसा उतरला नाही. सोनईत एवढ्या दाबाची हवा मिळत नाही, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं ते काम नव्हे, नगरपर्यंत जावं लागतं. म्हणजे वाचेल तेवढी वाचवायची.

आनंद व्हायला हवा. पण मागच्या गुरुवारीही असाच शहाण्यासारखा वागला होता. आणि रविवारी अंगात आल्यासारखा. मधल्या दोन दिवसांत याला होतं काय?

शनि., १७

नीट लिहिते.

सकाळी मार्करसकट नगरला गेले. एमआयडीसीतले काका आग विझवणाऱ्यांच्या पाठीवरचे सिलेंडर भरतात, माझाही भरून देतात. आज नळी जोडायच्या आधी थांबले. सिलेंडरच्या तोंडावरून बोट फिरवलं, वास घेतला, बोट माझ्यापुढे धरलं. म्हणाले, "हे तेल हाय. एवढ्या दाबाच्या हवेत तेल गेलं की पेट घेतं. हे मी भरनार न्हाई, पोरी." दोन पावलं मागे सरून पाण्याची बाटली दिली.

वास मलाही आला. ओळखायला वेळ लागला नाही. नव्या शिवलेल्या ब्लाऊजला पहिल्या दिवशी येतो तो.

शुक्रवार. नमाजहून आले की अब्बा दुकान उघडायच्या आधी सगळ्या मशीनना तेल घालतात. मी तेव्हा डेअरीत असते.

सिलेंडर काकांकडेच ठेवला, वॉल्व्ह खोलून धुऊन देतील. घरी येईपर्यंत एसटीत काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. जोरात बोलायचं होतं. अब्बा सुईत दोरा ओवत होते. विचारलं, माझ्या मार्करला तुम्ही तेल घालता का?

"घालतो की. दिवाळीपासनं. समद्यांना घालायचं आन् तुझं तेवढं कोरडं ठेवायचं व्हय? खाली त्या सिलेंडरला रबराचं टोपन हाय ना, तिथं बी एक थेंब सोडतो."

वर बघून बोलले. चेहऱ्यावर असं, की पोरीच्या लक्षात आलं एकदाचं. मी नुसतं 'बरं' म्हणाले आणि आत गेले.

दिवाळीपासून! तेव्हापासून किती वेळा सिलेंडर भरला, काका तोंडाशी उभे, मी शेजारी. अल्लाह, तू वाचवलंस. आम्हाला दोघांनाही.

दुपारभर मार्कर धुतला. रबराची प्रत्येक ओ-रिंग बदलली. जुन्या फुगून मऊ पडल्या होत्या. ग्रीस पातळ का झालं तेही कळलं. कंपनीची माफी.

रवि., १८

वै.चा जादाचा सिलेंडर लावला. त्याला फोनवर सगळं सांगितलेलं, त्याने बाकीच्यांना सांगितलं नाही. दहा गोळ्या. तो मोठ्याने आकडा वाचत होता, मी डोळे मिटून ऐकत होते. सगळ्यात वरचा २७७, सगळ्यात खालचा २७३. वै. म्हणाला पुन्हा दहा मार. पुन्हा तेच.

मग अश्वि. मास्क चढवून समोरच्या टायरमागे जाऊन बसली. कुणी सांगितलं नव्हतं. स्कार्फ नव्हता. त्या क्षणी जे हलकं वाटलं ते लिहिता येत नाही. चार खेळ झाले तरी हवा उरली. हरलो. कुणाला काही वाटलं नाही.

शुक्र., २३

आठवडाभर अब्बांशी बोलायचं टाळलं. आज सकाळी मार्कर पिशवीत घालून डेअरीत नेला. कपाटात ठेवला. म्हटलं, एक शुक्रवार टळला.

संध्याकाळी दुकानात पाय टाकला तर अब्बा वाट बघत बसलेले. खुंटी रिकामी बघून दुपारभर शोधलं म्हणे. कुणी चोरलं की काय म्हणून शेजारच्या दुकानात विचारून आले. मग पिशवी दिसली तसे हसले, आणि गल्ल्यामागून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. तेलाची नवी कुपी. बारीक, लांब नळीची. नेवाशाहून मागवली.

"आपल्या कुपीची नळी जाड पडती. तुझ्या मशिनीची भोकं बारीक. ही निस्ती त्याच्यासाठी ठेवायची."

तुझी मशीन. खेळणं म्हणाले नाहीत.

उद्या नगरला जायचंय, धुतलेला सिलेंडर आणायला. त्याच्या आधी सांगायलाच हवं, यात चालढकल नाही. ग्रीसची ट्यूब काढून टेबलावर ठेवली. अब्बा, जरा बसा, म्हटलं. बसले. चष्मा पुसला, कुपी हातातच. मी मार्कर उघडून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, याला तेल कसं लागतं ते तुम्हाला दाखवते, तेल नाहीच, हे ग्रीस, आणि सिलेंडरच्या तोंडाशी तर एक थेंबही नाही, तिथे ते पेट घेतं.