अडचण फक्त गाडीची होती

३ मार्च, सोमवार
ही वही पशुखाद्याच्या दुकानात फुकट मिळालेली. दोन महिने कोरी पडून होती. आजपासून लिहिणार, कारण आजपासून लिहिण्यासारखं काहीतरी घडतंय.

भावाकडून, नेव्हिलकडून, त्याची जुनी पिकअप घेतली. मागच्या हौद्यावर शटर आहे, दुकानाला असतं तसंच, फक्त आडवं. ढकललं की गुंडाळतं, कुलूप लागतं. आणि आज सायकलींचा रॅक आणला. दोन सायकलींचा.

एकोणीस वर्षं रेलीन आणि मी गाजराच्या फॅक्टरीत एकाच पट्ट्यावर समोरासमोर उभ्या होतो. दर रविवारी सायकली घेऊन रूळ उखडलेल्या जुन्या रेल्वेच्या वाटेवर जायचो. नोव्हेंबरात तिने फॅक्टरी सोडली, सायकलवाल्यांच्या कॅफेत लागली आणि रविवारी यायची बंद झाली. म्हणाली, तुझ्या त्या डबड्यात दोन सायकली कोंबताना माझी कंबर जाते, मी आपली ब्रॉनविनच्या व्हॅनमधून जाते. ब्रॉनविन म्हणजे होबार्टहून आलेली. कानामागून आली आणि तिखट झाली.

तर अडचण गाडीची होती. आता गाडी आली. इतकं सरळ आहे.

पुढच्या सोमवारी कामगारांची सुट्टी, म्हणजे रविवार निवांत. तोवर रॅक बसवायचा. रेलीनला सांगितलेलं नाही. तोंड बघायचंय तिचं.

४ मार्च, मंगळवार
सायकलच्या दुकानातला माणूस म्हणतो, रॅकचे क्लॅम्प हौद्याच्या काठाला धरतात आणि तुमच्या काठावर शटरची पट्टी बसलीय. क्लॅम्प धरणार कशाला? एक तर शटर ठेवा नाहीतर रॅक ठेवा. दोन्ही हवं तर पट्टीच्या खाचेत बसणारे ब्रॅकेट मागवावे लागतील, तीन आठवडे.

रविवार काय तीन आठवडे थांबणार आहे?

मी म्हटलं, शटर काढणार नाही. पाऊस आला की खुर्च्या भिजतात, आणि रेलीनला ओली खुर्ची चालत नाही. तो म्हणाला, रेलीन कोण? मी म्हटलं, तू सायकली दुरुस्त कर.

६ मार्च, गुरुवार, संध्याकाळी साडेपाच
झालं. चाळीस मिनिटं लागली. त्या माणसाला काही येत नाही.

आधी सामान भरलं. दोन घडीच्या खुर्च्या, थर्मास, सतरंजी, बर्फाची पेटी, पेटीत दीड किलो सॉसेज. जाड. रेलीनला बारीक आवडत नाहीत. बर्फ चार दिवस टिकतो, पेटीवर चित्र आहे तसं. मग शटर बंद केलं, वर रॅक ठेवला, आणि शटरमधून आरपार खालच्या पट्टीत आठ स्क्रू ठोकून पिळले. जीव खाऊन पिळले. चार-पाच स्क्रूंची डोकी गुळगुळीत झाली, पण रॅक हलत नाही. मी वर चढून उभी राहिले. हलला नाही.

शेजारचा मर्व्ह कुंपणावरून बघत होता. सत्तरीचा आहे, चाळीस वर्षं कथलाच्या खाणीत होता, आता दिवसभर कुंपण हीच त्याची खाण. म्हणाला, घट्ट बसवलंस गं, फारच घट्ट. मला वाटलं कौतुक करतोय.

७ मार्च, शुक्रवार
शटर उघडत नाही.

स्क्रू शटरमधून पट्टीत गेले, म्हणजे शटर पट्टीला जखडलं. शटर वीतभर सरकल्याशिवाय मागचा फाळका पडत नाही. आणि गुळगुळीत डोक्यांचे स्क्रू निघत नाहीत.

विचार केला तर वाईट नाही. चोराला काही मिळणार नाही.

८ मार्च, शनिवार
रेलीनला तीन फोन केले. उचलला नाही. सुट्टीचे दिवस, कॅफेत गर्दी असणार. निरोप ठेवला की उद्या नऊला तयार राहा. कशाला ते सांगितलं नाही.

९ मार्च, रविवार
माझी सायकल रॅकवर चढवली. शेजारची जागा रेलीनची. नऊला पाच कमी असताना तिच्या दारात.

पडदे बंद. हॉर्न वाजवला. कोणी नाही. चर्चला गेली असेल. ती चर्चला जात नाही, पण माणसं बदलतात. अकरापर्यंत गाडीत बसले. रेल्वेच्या वाटेवर एकटीही गेले असते, मला काय धाड भरलीय, पण गुडघा दुखत होता.

दोनला मेसेज आला. सॉरी, आम्ही किनाऱ्यावर आलोय, मंगळवारी येऊ. ‘आम्ही’ म्हणजे कोण ते लिहिलं नाही. घाईत असेल.

१२ मार्च, बुधवार
टास्मानियात मार्चमध्ये, उन्हाळा सरल्यावर, असं ऊन पडेल हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एकतीस डिग्री. गाडी अंगणात. वास येतो. फॅक्टरीच्या पार्किंगमध्ये माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या. चांगलं झालं, गाडी लावायला सोपं पडलं.

संध्याकाळी मर्व्हने कुंपणावरून विचारलं, गाडीत कोणाला ठेवलंयस, जॅनेल, तुझ्या भावाला? मी म्हटलं, सॉसेज आहेत. तो म्हणाला, होती. लोखंड कापायचा ग्राइंडर देऊ का, असंही विचारलं. गरज नाही म्हटलं.

१५ मार्च, शनिवार
मर्व्हचा ग्राइंडर आणला.

ठिणग्या उडाल्या, स्क्रूंची डोकी उडाली, शटर उघडलं आणि मी गवतावर जाऊन बसले. पेटी फेकून दिली. सतरंजी फेकून दिली. खुर्च्या धुतल्या, तीनदा. शटरला आठ भोकं. बाटल्यांची बुचं कापून बसवलीत. लांबून काही कळत नाही.

ब्रॅकेट मागवले. तीन आठवडे मला चालतात. मी काही उतावळी नाही.

३० मार्च, रविवार
रेलीनच्या कॅफेत गेले. कामात होती तरी येऊन बसली. बारीक झालीय. केस कापलेत. नवी सायकल दाखवली, बॅटरीची, चोवीस किलोची. मी म्हटलं, ही रेल्वेच्या वाटेवर कशाला, तिथे चढच नाही. ती म्हणाली, आता मी टेकडीवर जाते गं, खाणीच्या टेकडीवर. मी म्हटलं, तुझ्या वयाला टेकडी? ती हसली. तिला पटलं असावं.

पिकअप बाहेर उभी होती, ती दाखवली. भोकांचं बोलली नाही. मी सांगितलं, पुढच्या आठवड्यात रॅक बसतोय, मग रविवारी आपण दोघी, नऊला निघू, दुपारी परत, तू चहा आण, बाकी मी बघते. ती म्हणाली, बघू.

बघू म्हणजे हो. नाही म्हणायचं असतं तर नाही म्हणाली असती. तोंड आहे तिला.

६ एप्रिल, रविवार
उन्हाळा संपला म्हणून आज सगळ्यांची घड्याळं एक तास मागे गेली. दिवस उगाच लांबला.

ब्रॅकेट आले. सोबत कागद. अक्षर मुंगीएवढं आणि माझा चष्मा सापडत नव्हता. मर्व्ह बादली उपडी घालून शेजारी बसला आणि एक-एक ओळ वाचत गेला, हळू, बोट ठेवून. चष्म्याचं काही बोलला नाही. उंटावरून शेळ्या हाकणार असं वाटलं होतं, पण नाही, नट पुढे करत होता, पाना हातात देत होता. खाचेत ब्रॅकेट, ब्रॅकेटवर आडव्या दांड्या, दांड्यांवर रॅक. शटर खालून लोण्यासारखं सरकतं. दोन तासांत सगळं झालं. चहा झाला. मर्व्हने स्वतःच्या हाताने भाजलेले स्कोन-पाव आणले. दगड होते, पण खाल्ले.

निघताना म्हणाला, शेडमध्ये आयरिसची सायकल आहे. आयरिस म्हणजे त्याची बायको, गेली चार वर्षांपूर्वी. म्हणाला, हवा भरली तर चालेल, मीही रेल्वेच्या वाटेवर अजून जाऊ शकतो, फार लांब नाही, दुसरी जागा मोकळी असली तर एखाद्या रविवारी.

मी सांगितलं, ती जागा भरलेली आहे.

म्हणाला, बरं, बरं. बादली घेऊन गेला.

रेलीन आज आली नाही. कॅफेत माणूस कमी होता म्हणाली.

१२ एप्रिल, शनिवार
मर्व्हने आयरिसची सायकल चर्चच्या जत्रेला देऊन टाकली. शहाणपणा केला. उगाच शेड अडवून होती.

मी आज एकटीच रेल्वेच्या वाटेपर्यंत गाडी नेली. सायकल उतरवली नाही. रॅक नीट बसलाय का ते बघायचं होतं. नीट बसलाय.

१६ एप्रिल, बुधवार, सकाळी सव्वासात
रेलीनचा फोन आला. तिने केला. मी नाही.

ईस्टरच्या शनिवारी मोकळी आहेस का, असं विचारलं. खाणीच्या टेकडीखाली, आठला, पिकअप घेऊन येशील का. पिकअप घेऊन, असं म्हणाली. दोनदा म्हणाली. मी काय लिहिलं होतं तीन मार्चला? अडचण गाडीची.

नवी सतरंजी. चार लॅमिंग्टन केक. खुर्च्या. सॉसेज नाहीत. टेकडी तर टेकडी, मी सायकल ढकलत जाईन, कोण बघतंय. गुडघ्याला पट्टी.

१९ एप्रिल, शनिवार, दुपारी तीन
साडेसातलाच पोचले. माझी सायकल रॅकवर, शेजारची जागा मोकळी, फडक्याने पुसलेली.

आठला बायका आल्या. रेलीन, ब्रॉनविन आणि आणखी चौघी. सगळ्यांच्या सायकली. ब्रॉनविनच्या व्हॅनचा क्लच गेलाय. टेकडीवर सायकली गाडीतून वर न्यायच्या, मग बायका सायकलीवरून उतार उतरणार, आणि कोणीतरी गाडी खाली आणायची. ते कोणीतरी मी.

माझी सायकल उतरवली आणि फाटकाला टेकून ठेवली. पहिल्या फेरीला रेलीनची आणि ब्रॉनविनची चढली. चोवीस किलो मी एका बाजूने धरली. चढावर बॅटरी संपते म्हणे. ब्रॉनविन म्हणाली, काय पक्का बसवलाय रॅक, कोणाकडून करून घेतला? मी म्हटलं, माझा मी.

वर पोचलो. वारा होता. ब्रॉनविन चाकात हवा बघत होती तेवढ्यात रेलीनला बाजूला घेतलं आणि विचारलं.

“अडचण गाडीचीच होती ना?”

ती हेल्मेटचा पट्टा लावत होती. थांबली.

“नाही गं, जॅनेल. गाडीची कधीच नव्हती.”

“मग कशाची?”

“एकोणीस वर्षांत तू मला एकदाही विचारलं नाहीस, यायचंय का म्हणून. नुसती वेळ सांगायचीस.”

मी म्हटलं, तू तयार असायचीस. ती म्हणाली, हो, असायचे. माझ्या दंडावर हात ठेवला, जरा वेळ ठेवला, आणि गेली. चांगली चालवते आता. वळणावर थांबली नाही.

आणखी दोन फेऱ्या केल्या. दर वेळी वर जाताना गाडीत बडबड, ही हसते, ती किंचाळते. खाली येताना रिकाम्या दांड्यांमधून वारा वाजतो. मोठ्याने वाजतो. रेडिओ लावून पाहिला, तरी ऐकू येतो.

साडेअकराला सगळ्या बेकरीत गेल्या. मलाही ये म्हणाल्या, रेलीन दोनदा म्हणाली. मी म्हटलं, मला घरी काम आहे. काम नव्हतं. लॅमिंग्टन चारही खाल्ले, गाडीत बसून. खुर्च्या काढल्या नाहीत.

व्हॅनचं काम मे महिन्याआधी होणार नाही. पुढच्या शनिवारी पण आठला ये, असं ब्रॉनविन सांगून गेली.

साडेसातला जाईन.